पायरीवरचं पाणी

विहीणबाई, परवा तुमच्या गावातली फेरी मी तुमच्याशिवाय केली. तुम्ही न्यायच्या त्याच वाटेनं आणि त्याच क्रमानं. आधी ट्रकचा काटा, मग कँटीन, मग सुरुंगाची खोली, मग बिनतोंडाचा नंदी आणि शेवटी खदान. मधली एखादी गोष्ट वगळली असती, तर तुम्ही मागून ओरडल्या असत्या, "अवो, पुढं कुठं निघालाव? हे कोण बघायचं?" म्हणून सगळं नीट थांबून बघितलं. ओरडायला मात्र कोणी नव्हतं.

आदल्या दिवशी तुम्हाला माती दिली होती. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात, तसंच तुम्हाला बसवलं. कपाळावर विभूती, मांडी घातलेली, मान जराशी कललेली. बाकीचे सगळे रडत होते आणि मला राहून राहून वाटत होतं, या आता हात पुढे करून म्हणतील, "द्या पाणी, घसा सुकला." लातूरला कचेरीच्या पायरीवर तुम्ही अशाच बसायच्या. मी पदर तोंडाला लावला, तो रडण्यासाठी की हसू लपवायला, हे माझं मलाच कळलं नाही. तुम्ही असता तर टोमणा मारल्याशिवाय राहिल्या नसत्या.

तुमची माझी ओळख झाली तीच मुळी या फेरीनं. आम्ही तुमच्या महानंदाला बघायला लातूरहून बिलोलीकडं आलो होतो. पुरुष माणसं पुढच्या खोलीत बोलायला बसली. मला वाटलं, आता तुम्ही लेकीचं विणकाम दाखवाल, तिच्या हातची शेव पुढे कराल. तुम्ही चपला पायात सरकवल्या आणि म्हणालात, "चला विहीणबाई, तवर आमचं गाव बघून घ्या." सोयरीक ठरायची होती अजून! मी मनात म्हटलं, बाई धीट आहे.

मग तुम्ही मला तुमचं गाव दाखवलं, म्हणजे बंद पडलेली खदान दाखवली. एखाद्यानं किल्ला दाखवावा, तशा ऐटीत. इथं भोंगा व्हायचा. इथं हैदराबादचे ट्रक रांगेनं उभे राहायचे. ह्या कँटीनमध्ये तेलुगू अण्णाच्या इडलीला मुकादमसुद्धा रांग लावायचे. मी बघत होते तर काट्याच्या लोखंडी पत्र्यावर पोरं उड्या मारत होती, कँटीनला कुलूप होतं आणि सुरुंगाच्या खोलीत कुणाच्या तरी शेळ्या होत्या. पण तुमच्या बोलण्यात काहीच बंद पडलेलं नव्हतं. नंदीपाशी आल्यावर तुमचा आवाज तेवढा खाली आला. पाठ, वशिंड, गळ्यातल्या घंटा, सगळं घडवून झालेलं, आणि तोंडाच्या जागी नुसताच दगड. "कारागीर तोंड करायला बसणार तवर खदान बंद झाली. गेला तो कर्नाटकात. तवापासून आमचा नंदी असाच हाय," असं सांगून तुम्ही त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. तळव्यावर बारीक चमक होती. तुमच्या दगडाची ती खूण. माझ्याही पातळाला ती लागली आणि घरी आल्यावर झटकली तरी जाईना.

भांडण त्याच दिवशी सुरू झालं. आठवतं? काट्यापाशी उभ्या राहून तुम्ही म्हणालात, "इथनं तोलून दगड गेला तुमच्या लातूरला. जिल्हा झाला न्हवं तुमचा? त्या नव्या कचेरीच्या पायऱ्या आमच्या खदानीच्या हायत."

आता हे मी कसं ऐकून घेणार? लातूर जिल्हा झाला, त्याच सुमारास आम्ही जवळच्या मुरुडहून लातूरला आलो, भुसार मालाचं दुकान टाकलं. सगळंच नवं होतं. पाट्या नव्या, साहेब नवे, कारकुनांना बसायला खुर्च्या नव्हत्या. कचेरीचं बांधकाम आमच्या दुकानाच्या तोंडासमोर झालं. पायऱ्यांच्या दगडाचा ट्रक उतरताना आमच्या मालकांनी डोळ्यांनी बघितला होता, आणि तो आला होता सोलापूरच्या रस्त्यानं. तुमचं गाव पार उगवतीला, नांदेडच्या अंगाला. मी तसं सांगितलं. "उगवतीचा दगड मावळतीकडून कसा यील?"

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "डायवर वाट चुकला आसंल."

त्यानंतर प्रत्येक भेटीत हे व्हायचं. लग्न ठरवताना झालं, हळदीला झालं, रुखवतापुढं उभं राहून झालं. पोरं हसायची, म्हणायची, ह्या दोघींना दुसरं काही सुचतच नाही. खरंच सुचत नव्हतं. मला आवडायचं ते भांडण. माझ्याशी इतक्या जोमानं भांडणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

दुसरं भांडण मात्र मला आवडत नव्हतं. ते आपण कधी मोठ्यानं केलंच नाही.

लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. माझ्या आईनंही पाळली होती. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ओसरीवर बसलात, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यालात, स्वतःची भाकरी सोडलीत आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेलात. मी म्हटलं, चालायचंच, वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न. पण महानंदाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, लातूरचे झाले, नांदेडचे झाले, सोलापूरचेही झाले. नवस झाले. ओटीचे नारळ किती झाले, देव जाणे. आणि तुम्ही येतच राहिलात, बाटली घेऊन.

तुम्ही ओसरीवर बाटलीचं झाकण उघडलंत की आत महानंदा घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी तुम्हाला म्हटलं होतं, "कोण पाळतंय ओ आता हे? शेजारची बघा, तिची आई मुक्कामाला येतीय." तुम्ही म्हणालात, "मी पाळते न्हवं." एवढंच. मला राग यायचा. वाटायचं, ही बाई दर खेपेला येऊन माझ्या सुनेला तिचं उणं दाखवून जाते. आणि मला दाखवते की तुमच्या घरानं माझ्या लेकीला काही दिलं नाही. माझ्या घरचं घोटभर पाणी तुमच्या घशाखाली उतरावं, एवढी एकच इच्छा मला त्या वर्षांत होती. सुनेचा पाळणा हलावा ही होतीच, पण ती देवाच्या हातातली. ही तुमच्या हातातली होती.

मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. नळ कधीचे कोरडे झाले होते. गल्लीत टँकर आला की चांगल्या घरच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आम्ही तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळत होतो. पाहुणा दारात दिसला की आधी पिंपाकडं नजर जायची, मग पाहुण्याकडं. अशा दिवसांत तुम्ही आलात. एका खांद्याला पिशवी आणि कमरेवर पाण्याचा भला मोठा कॅन. बिलोलीहून एसटी बदलत बदलत, तो कॅन मांडीवर घेऊन.

"आमच्या बोअरला हाय अजून थोडं," तुम्ही म्हणालात. "खदानीतलं पाणी तर तळाला गेलं. बुडालेली क्रेन उघडी पडली, बगा. पोरगी तहानंली आसंल म्हणून आणलं."

मला आनंद व्हायला हवा होता. माझा संतापच झाला. "म्हंजी तुमच्याकडलं आम्ही प्यायचं, अन् आमचं तुम्हाला चालत न्हाई? हा कुठला न्याव, विहीणबाई? आमचं पाणी काय इटाळलंय?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. महानंदा दारात आली. तिचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. "तुम्ही दोघी बी माझ्यावरनं भांडू नका," एवढं म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, आता तुम्ही उठाल, कॅन तिथंच ठेवून एसटी स्टँडवर जाल, आणि परत यायच्या नाहीत. त्याऐवजी तुम्ही चपला घातल्या. "चला. इतक्या वर्साची मी तुम्हाला आमचं गाव दावून राहिले. तुम्ही तुमचं लातूर एकदा बी दावलं न्हाई."

निघताना महानंदा तांब्या घेऊन मागून धावत आली. आमच्या पिंपातलं पाणी, तांब्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. "उन्हाचं निघालाव. असू द्या संगं," तिनं माझ्या हातात दिलं. तुमच्या हातात नाही.

तुम्हाला लातूर दाखवणं म्हणजे दिव्यच होतं. गंजगोलाईच्या बाजारात नेलं, तर गोल चक्कर मारून झाल्यावर म्हणालात, "आता, फिरून त्याच जाग्यावर आलो की! ह्यात बघायचं काय?" डाळीच्या मिलवरून गेलो, तिथं शिंकत राहिलात. क्लासच्या पाट्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो बघून विचारलंत, "ही सगळी निवडणुकीला उभी हायत का?" मी चिडलेली होते, तरी हसले. तुमचं हेच वाईट होतं. धड रागावू द्यायच्या नाहीत.

मग कचेरी आली. सुट्टीचा दिवस, सगळं शांत. तुम्ही रस्ता ओलांडून सरळ पायऱ्यांपाशी गेलात. वाकून हात फिरवलात, नंदीच्या पाठीवर फिरवायच्या तसा. तळवा उलटून बघितलात, माझ्याकडं मात्र धरला नाहीत. मग बसलात.

"आला की आमचा दगड," तुम्ही म्हणालात.

सोलापूरचा रस्ता माझ्या तोंडापर्यंत आला होता. पण तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत, आणि ते बघणं भांडणाचं नव्हतं. मी तो तसाच गिळला.

"कसं हाय विहीणबाई," तुम्ही म्हणालात, "जिथं आमचा दगड, ते आमचं गाव. आमच्या गावात बसून कुणाचं बी पाणी प्यायला मला बंदी न्हाई. द्या."

घाईघाईनं फुलपात्रात ओतलं तर थोडं सांडलं, आणि त्या दिवसांत सांडलेल्या पाण्यासाठी जीव चरकायचा, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. तुम्ही प्यालात. दुसऱ्यांदा हात पुढे केलात. तांब्या रिकामा होईस्तोवर प्यालात. तेवढ्यात पहारेकरी आला, "ओ मावशी, हितं बसायचं न्हाई." तुम्ही त्याला म्हणालात, "बाबा, आम्ही आमच्या गावात बसलाव. तू कोण इचारणारा?" तो बिचारा हसत माघारी गेला.

घरी आल्यावर मी रिकामा तांब्या महानंदासमोर उपडा करून दाखवला. त्या संध्याकाळी तिनं भांडी एकदाच घासली.

तेव्हापासून तुमची लातूरची फेरी ठरून गेली. ओसरीवर जरा टेकायच्या, लेकीच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि मग, "चला, पायरीवर जाऊ." मी तांब्या भरायची, महानंदा धपाटी आणि शेंगांची चटणी बांधून द्यायची. मग तीही यायला लागली. तिघी रांगेनं बसायचो. पहारेकऱ्याला सवय झाली, "आल्या का विहिणी?" म्हणून स्वतःच कोपरा झाडून द्यायचा. तो जाऊन दुसरा आला, त्यालाही तुम्ही आपलासा केलात. पाऊसकाळ चांगले झाले, नळाला पाणी आलं, दुष्काळाची आठवण पुसट झाली, पण पायरी सुटली नाही. आणि जेव्हा तेव्हा मला ऐकवायच्या, "कबूल केलंत का न्हाई शेवटी? पायऱ्या आमच्याच!" मी दात आवळून "हाव, तुमच्याच" म्हणायची. वाटायचं, मी किती मोठं मन केलं! एका खोट्या गोष्टीला हो म्हटलं आणि हिला पाणी पाजलं.

तरी माझी तहान भागली नव्हती, विहीणबाई. घर तिथून पाच मिनिटांवर होतं. पायरीवर पिता, मग ओसरीवर का नाही? यंदा थंडीत तुमचे पाय आखडले, तेव्हा फोनवर मी तुम्हाला चांगलीच बोलले. "एकदा रिक्षा करून या. पायरी-बियरी काय न्हाई, सरळ घरात या अन् माझ्या हातचा चहा प्या. वय झालं आपलं. आता कशाची वाट बघताव?" तुम्ही हसलात. "बघू, पुढल्या खेपेला," म्हणालात. त्या हसण्यानं मला झोंबलं होतं. मी फोन लवकर ठेवला. पुन्हा केला तेव्हा तुमच्या मुलानं उचलला, म्हणाला, आईला बोलवत नाही.

परवा फेरी करत मी नंदीपाशी पोचले, तर तिथं महानंदा बसलेली. घरातली गर्दी तिलाही सोसवेना. मी शेजारी टेकले. दोघींच्या तळव्यांना ती चमक लागली. मी सहज म्हणाले, "तुझी आई लई हट्टी. पायऱ्या आपल्याच म्हणून मरेपर्यंत भांडली."

महानंदानं माझ्याकडं बघितलं. "आई, तुम्हाला खरंच वाटतं, तिला ठाऊक न्हवतं?"

"काय?"

"आपल्या दगडाला चमक असती. त्या पायऱ्यांना कुठं हाय? दगड फोडण्यात जल्म गेला तिचा. हात लावला अन् तिला कळलं. त्याच रात्री फोनवर सांगितलं मला तिनं."

मी विचारलं, मग हे सगळं कशासाठी? महानंदानं नंदीच्या घंटांवर बोट फिरवलं. मग तुमचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले. "घरात प्याले तर तुझ्या लेकराची आस सोडली असं व्हईल, बाई. ते माझ्यानं व्हायचं न्हाई. न प्यावं तर विहीणबाईचं मन मोडतंय. म्हणून पायरी धरली."

विहीणबाई, मी इतकी वर्षं तुमच्या बाटलीचा उलटाच अर्थ लावला. मला वाटायचं, तुम्ही उणं दाखवता. तुम्ही तर वाट बघत होता. डॉक्टरांनी हात टेकले, मी मनातून सोडून दिलं, माझ्या लेकानं सोडून दिलं, महानंदानं स्वतः सोडून दिलं. तिच्या केसांत पांढरं आलं, तरी तुमची बाटली तुमच्यासोबत यायची. तिच्या वाटणीची आशा एकट्या तुम्ही सांभाळून ठेवली होती, आणि तीही माझं मन राखून. आणि मी समजत होते, मीच तुम्हाला फसवून पाणी पाजलं.

महानंदाला मी विचारलं, "तुला राग न्हाई यायचा?" ती म्हणाली, "पहिल्यांदा यायचा. मग वाटायचं, कुणीतरी हाय अजून वाट बघणारं." आणि मग ती रडली. माती देताना रडली नव्हती तितकी.

पुढं खदान आम्ही दोघींनी बघितली. यंदा चांगली भरलीय. क्रेन कुठं आहे ते कळतही नाही. तुम्ही असता तर बोट करून दाखवली असती, आणि ती तिथं नसती तरी मी हो म्हटलं असतं. काठावर बसून मला तुमच्याशी भांडावंसं वाटलं. एवढं लपवलंत कशाला? मला सांगितलं असतं तर मी तोंड बंद ठेवलं असतं की. मग आठवलं, माझं तोंड तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

परतताना कँटीनमागच्या ढिगाऱ्यात एक चौकोनी दगड पडलेला दिसला. कुठल्या तरी पायरीसाठी कापलेला आणि तसाच राहिलेला. तुमच्या मुलानं तो धुऊन, पोत्यात बांधून एसटीत चढवून दिला. कंडक्टर म्हणाला, "आजी, लातूरला काय दगडाचा दुष्काळ पडला का?" मी म्हटलं, "हाव. ह्या दगडाचा पडलाय." महानंदा खिडकीकडं तोंड करून हसली, तुमच्यासारखीच.

काल गवंडी आला होता. घराच्या दाराशी जुनी फरशी होती ती काढली आणि तुमचा दगड बसवून घेतला, निम्मा बाहेर, निम्मा आत. सकाळी ऊन पडलं तर चमकतोय. महानंदा त्यावर बसून भाजी निवडत होती. मी तिथं तांब्या भरून ठेवलाय, फुलपात्र पालथं घालून.

मी तुमच्याशी पहिल्यापासून भांडत आले, एवढं एक ऐका. ही पायरी कुठून आली, याबद्दल आता कुणाशीच वाद नाही. जिथं तुमचा दगड, ते तुमचं गाव, असं तुम्हीच म्हणालात. मग लेकीची आस सोडू नका, खुशाल धरून ठेवा, पण आत या. तुमच्याच गावात बसा, आणि माझ्या घरचं पाणी प्या.